उजवा पीळ, डावा पीळ

आमच्या धंद्यात शेवटची काडी बसेपर्यंत काहीच सांगता येत नाही. सुताराला खुर्ची करताना अर्ध्यावर अंदाज येतो, शिंप्याला तर कापतानाच येतो. आमच्याकडे सातशे एकोणीस काड्या नीट बसतात आणि सातशेविसावी बोटभर आखूड पडते. मग चूक कुठे झाली ते शोधत मागे मागे जायचं. माझा स्वभाव मुळात काळजीचा. दूध तापायच्या आधीपासून ते उतू जाईल म्हणून शेगडीपाशी उभी राहणारी मी. अशा बाईने हा धंदा करू नये. मी तो जन्मभर केला, कारण समोर यशवंत बसलेले असायचे.

यशवंत म्हणजे माझे पती. ते गेले त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. ‘तुमच्या कामाविषयी दिवाळी अंकात लिहा’ असा निरोप आला, तेव्हा आधी हेच मनात आलं की ते काम दोघांचं होतं आणि लिहायला मी एकटी उरले आहे. सावकाश लिहिते आहे.

नगरजवळच्या केडगावला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही भूमितीच्या आकृत्या करतो. शाळांना लागणारे घन, शंकू, लोलक हे रोजच्या भाकरीचं काम. बाकीचं हौसेचं, आणि कधीमधी एखाद्या महाविद्यालयाच्या मागणीचं. आम्ही दोघंही गणितात एम.एस्सी. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायची आणि उरलेल्या वेळात शेडमध्ये यायची. यशवंतांनी तासिकेवरची नोकरी सोडून पूर्णवेळ हेच धरलं होतं. माझे सासरे मिरजगावला शेती करायचे. ते एकदा शेडमध्ये येऊन सगळं बघून मुलाला म्हणाले, “कोंबड्यांची खुराडी करतो व्हय रं?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. काड्यांचे पिंजरेच ते. फक्त त्यांत कोंबडी मावत नाही, चौथी मिती मावते.

बाहेरच्या माणसाला समजावताना आम्ही आकाशकंदिलापासून सुरुवात करायचो. घरी कामट्यांचा कंदील केला असेल तर आठवा. कामट्यांचे सहा चौकोन करायचे आणि कोपऱ्याला कोपरा बांधायचा. बांधून झालं की चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप उमटतात. आता त्या कंदिलाच्या एखाद्या गाठीवर मुंगी बसवा. तिला तिथे दोन चौकोन आणि दोन त्रिकोण दिसतील, एकाआड एक. दुसऱ्या कुठल्याही गाठीवर नेऊन ठेवली तरी तेच दिसेल. डोळे बांधून नेली तर आपली जागा बदलली हे तिला कळायचंसुद्धा नाही. कोणताही कोपरा दुसऱ्या कोपऱ्यापेक्षा वेगळा असू नये, हा आमच्या आकृत्यांचा कायदा. कंदील असा फिरवता येतो की हा कोपरा त्या कोपऱ्याच्या जागी जातो आणि कंदील मात्र होता तसाच दिसतो. सममिती म्हणतात ती हीच.

हा कायदा पाळणाऱ्या आकृत्या चौथ्या मितीतही आहेत. चौथी मिती कुणी पाहिलेली नाही, आम्हीही नाही. पण तिथल्या वस्तूची सावली करता येते. तारेचा घन दिव्यासमोर धरला की भिंतीवर मोठ्या चौकोनात छोटा चौकोन आणि त्यांचे कोपरे जोडणाऱ्या रेघा, अशी सावली पडते. चौमितीय घनाची सावली आपल्या खोलीत पडली तर मोठ्या घनात छोटा घन दिसेल. तो खरं तर छोटा नसतो, दिव्यापासून लांब असतो इतकंच. यशवंत म्हणायचे, “सावलीत लांबी खोटी असते, जोडणी खरी असते.” आम्ही विकतो त्या सावल्याच.

हा घनातला घन पाहून मिरजगावचे एक मांडववाले हरखले. नवरात्राच्या मांडवाला असाच कंदील पाहिजे म्हणाले.

“सर, बल्ब आतल्याला लावायचा का भाईरच्याला?”

“आतला आणि बाहेरचा, दोन्ही एकाच आकृतीच्या बाजू आहेत,” यशवंत म्हणाले.

“मंग एकाच बल्बात भागंल की!”

नवरात्र झाल्यावर ते मुद्दाम सांगायला आले. “लई गर्दी झाली सर. पर जो त्यो इचारायचा, आतला कंदील वाढत का न्हाई?”

दुसरे एक गृहस्थ वास्तूचं बघायचे. या पिंजऱ्यात बसून ध्यान केलं तर चौथ्या मितीत जाता येईल का, असं त्यांनी फार गंभीरपणे विचारलं. यशवंतही तितक्याच गंभीरपणे म्हणाले, “जाता येईल की नाही ते सांगता येत नाही. पण गेलात तर परत येताना जपा. डावं-उजवं उलटून याल.” मग त्यांनी कागदाचं डावं पाऊल कापून टेबलावर ठेवलं. ते सरकवा, गोल फिरवा, काही करा, उजव्या पावलासारखं होत नाही. उचलून पालथं घातलं की लगेच होतं. उचलायला तिसरी मिती लागली. तशी चौथी मिती मिळाली तर डाव्या पायातली चप्पल तिथून फिरवून उजवी करून आणता येईल. गृहस्थांनी छातीवर हात ठेवला. “म्हणजे हृदय उजवीकडे?” “हो,” यशवंत म्हणाले. ते काही न घेता गेले.

शेडमध्ये तिसऱ्या शकुबाई. पाथर्डीकडच्या. घरचे सगळे ऊसतोडीला जायचे, ते त्यांना नको झालं म्हणून नगरला राहिल्या. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तिघांच्या तोंडून नगरच यायचं.) त्या लाकडी साच्यात मापून काड्या कापतात आणि सांध्यांना भोकं पाडतात. सांधा म्हणजे बोराएवढा लाकडी मणी. त्याच्या भोकांत काड्या बसतात. शकुबाई यशवंतांना दादा म्हणायच्या, मला बाई म्हणतात, आणि दोघांचाही फारसा मुलाहिजा ठेवत नाहीत.

कोपरगावच्या एका महाविद्यालयाने आमच्याकडून सहाशी मागवली होती, तेव्हाची गोष्ट. सहाशी हे आमचं शेडमधलं नाव. चौथ्या मितीतल्या त्या आकृतीत सहाशे चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे ठोकळे, असतात, एकशेवीस सांधे आणि सातशेवीस काड्या. प्रत्येक सांध्यात बरोबर बारा. ती जुळली, गोंद वाळला, टेम्पो दारात येऊन उभा राहिला, आणि लक्षात आलं की ती दारातून जात नाही.

शकुबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. “दादा, येवढ्या सातशे वीस काड्या मोजल्या, आन दार मोजलं न्हाई?”

“शकुबाई, चौथी मिती असती तर दार लागलंच नसतं,” यशवंत म्हणाले.

“मंग बोलवा की तिला. टेम्पोवाला हार्न वाजवून राह्यलाय.”

शेवटी भिंतीचा एक पत्रा उचकटून ती बाहेर काढली. कोपरगावपर्यंत मी टेम्पोत मागे तिला धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला मला काडी मोडल्याचा आवाज ऐकू यायचा. एकही मोडली नव्हती. उतरल्यावरही माझी बोटं काही वेळ सरळ होईनात.

आमचे काम करण्याचे दोन नियम होते. पहिला नियम, सगळ्या काड्या लागेपर्यंत एकाही सांध्याला गोंद लावायचा नाही. सांधे सैल असले की चूक सगळीकडे थोडी थोडी पसरते आणि जिरते. एक जरी घट्ट केला तरी ती दुसरीकडे साठून बसते. दुसरा नियम बसण्याचा. दोघांनी समोरासमोर बसायचं, आकृती मधे. मी इकडे जी काडी लावीन तिच्या बरोबर विरुद्ध काडी ते तिकडे लावणार. दोन्ही बाजू सारख्या वाढत जातात आणि मधल्या पट्ट्यावर भेटतात.

हा दुसरा नियम सगळ्यात अवघड जायचा तो पीळघनाला. पीळघन हेही आमचंच नाव. घनाच्या सहा बाजूंचे सहा चौकोन एकमेकांपासून जरा दूर धरा आणि प्रत्येकाला जागच्या जागी थोडा पीळ द्या, सगळ्यांना एकाच दिशेने. मधली जागा बत्तीस त्रिकोणांनी भरून निघते. बाहेरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पीळ दिला तर तो आमचा उजवा पीळघन, उलट दिला तर डावा. दोन्हींना सांधे तेच लागतात, काड्या त्याच. आधी ठेवलेल्या ढिगाकडे बघून कुणालाही सांगता येणार नाही की यातून कोणता होणार. ते हातावर ठरतं. आणि झाले की चपलांच्या जोडासारखे, एकाच्या जागी दुसरा कधीच बसत नाही. शाळा ते जोडीनेच मागवतात.

यात सापळा असा की समोरच्याचे हात बघून काडी लावली तर आरशासारखं होतं. माझा पीळ उजवा असेल तर समोर डावा उमटतो. म्हणून यशवंत सांगायचे, “आपल्या बाजूने बघ. माझ्याकडे बघू नकोस.” लग्नानंतरच्या पहिल्याच पीळघनाला त्यांनी हे मला सांगितलं. नव्या नवरीला ते कसं लागलं असेल याचा त्यांना पत्ताही नव्हता. मी दोन दिवस कामापुरतंच बोलले. शकुबाईंना हे कळल्यावर त्या पुढे कित्येक वर्षं हसायच्या. “दादा, बाई बघतायत बरं का तुमच्याकडं!”

यशवंत गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्याकडे शंभरीची मागणी होती. एका विद्यापीठाच्या गणित विभागाला ती हवी होती आणि यशवंतांना ती कित्येक वर्षं करायची होती. शंभरी सहाशीतूनच निघते. सहाशीच्या एकशेवीस सांध्यांमध्ये दहा-दहा सांध्यांची दोन कडी अशी निवडायची की ती साखळीच्या दोन दुव्यांसारखी एकमेकांतून जातात, पण एकमेकांना कुठेही लागत नाहीत. ही दोन्ही कडी त्यांच्या काड्यांसकट काढून टाकायची. शंभर सांधे उरतात, म्हणून ती शंभरी. आणि नवल असं की त्या शंभरांतल्या प्रत्येकाच्या बरोबर दोनच काड्या गेलेल्या असतात. कुणाची एक नाही, कुणाच्या तीन नाहीत. बाराच्या दहा होतात, सगळ्यांच्या. इतकं काढून घेतल्यावरही मुंगीला कोपरा कोपऱ्यासारखाच दिसतो. अशा बहुतेक आकृत्या आरशांतून मिळतात. काही आरसे ठरावीक कोनांत उभे करायचे, मधे एक ठिपका ठेवायचा, आणि त्याची प्रतिबिंबं जोडायची. शंभरी आरशांतून मिळत नाही. म्हणून ती यशवंतांची लाडकी.

आमची पद्धत अशी की आधी पूर्ण सहाशी उभी करायची, गोंदाशिवाय, आणि मग कडी काढायची. सहाशी जुळून दोऱ्यांनी छताला टांगलेली होती. एका कड्याच्या सांध्यांना यशवंतांनी लाल दोरा बांधला होता, दुसऱ्याच्या सांध्यांना पांढरा. तिला जरा सावरू द्यावं म्हणून मधल्या दिवसांत आम्ही एका शाळेसाठी पीळघनांची जोडी करायला घेतली.

दुपारची वेळ होती. उजवा पीळघन चालला होता. मधल्या पट्ट्यावर आलो आणि काड्या पोचेनात.

“काड्या तोकड्या कापल्यात,” यशवंत म्हणाले.

शकुबाई साच्यावरून उठल्याच. “माझी काडी तोकडी? दादा, इतक्या वर्सांत कधी निघाली का? घाला साच्यात, बघा.”

साच्यात घातल्या. बरोबर होत्या.

“मग भोकं चुकलीत.”

भोकंही बरोबर होती. यशवंत कुणावर असा आळ घेणारे नव्हते. मी आकृतीकडे बघितलं. माझ्याकडचा चौकोन उजव्या पिळाचा होता. त्यांच्याकडचा डाव्या.

“अहो, तुमचा डावा झालाय.”

“कसा होईल?”

त्यांनी स्वतःची बाजू निरखली, खूप वेळ. मग सगळ्या काड्या उपसल्या आणि पुन्हा लावायला घेतल्या. मीही माझी बाजू उसवून त्यांच्याबरोबर पुन्हा सुरू केली. तिसऱ्या-चौथ्या काडीला मला दिसलं की ते मण्याकडे बघत नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते. माझा हात जिकडे जाईल तिकडे त्यांचा हात, आरशातल्यासारखा. मी हात हवेत थांबवला. त्यांचाही थांबला.

“काय झालं, सुमन? थांबलीस का?”

“तुम्ही माझ्याकडे बघताय.”

त्यांनी काडी खाली ठेवली. बोलले तेव्हा त्यांची भाषा मिरजगावची झाली होती, वडिलांसारखी. “न बघता कळंना झालंय गं. उजवं कुठलं आन डावं कुठलं, हातात घेतलं की इसरतं.”

“कधीपासून?”

“दसऱ्यापासून आसंल. सकाळी चपला घालताना तू फुडं चालतीस ना, तुझ्या पायाकडं बघून घालतो मी.”

शकुबाईंनी हातातली काड्यांची जुडी खाली ठेवली आणि त्या चहा करायला गेल्या.

त्या रात्रीपासून मला झोप नीट लागलीच नाही. माझी काळजी नेहमी कशाची तरी असायची, खड्ड्याची, पावसाची, गोंदाची. ही तशी नव्हती. आपली उशी कुठली, आपलं ताट कुठलं, हे ते अचूक सांगायचे. वर्तमानपत्र वाचायचे, विनोद करायचे. फक्त एक दिशा कुठेतरी निसटली होती, आणि तिच्या मागोमाग काय निसटेल ते मला दिसत नव्हतं. भाजीचा हिशेब करताना ते थबकले की उरलेली बेरीज मी घाईने सांगून टाकायची.

डॉक्टरांच्या समोर आम्ही शेजारी बसलो होतो. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. म्हणाले, “काका, तुमचा उजवा अंगठा दाखवा.”

यशवंतांनी माझ्याकडे बघितलं.

“माझ्या डाव्या हाताला हात लावा बरं.”

त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी नकळत हात हलवला, आणि त्यांचा हात आरशातल्यासारखा हलला.

“काकू,” डॉक्टर म्हणाले, “तुम्ही जरा त्यांच्या मागे बसता का?”

मी उठून मागे जाऊन बसले. मला त्यांची पाठ दिसत होती. डॉक्टर एकेक विचारत होते आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर तसेच होते. मान मात्र थोडी थोडी वळत होती, मी कुठे आहे ते शोधत.

डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर, मागच्या अंगाला गाठ निघाली. त्या जागेला धक्का लागला की माणसाला डावं-उजवं कळत नाही, बोटं ओळखता येत नाहीत, साधी बेरीज सुटत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. शस्त्रक्रिया पुण्याला झाली. गाठ सगळी निघाली नाही. सगळी काढायची तर भाषाही गेली असती, म्हणाले. शस्त्रक्रिया चालली होती तेव्हा बाहेरच्या बाकावर मी मनात सहाशी धरून बसले होते. कोणती काडी उपसली तर काय खाली येईल, हेच डोक्यात फिरत होतं. एवढं सांगितलं तरी पुरे.

घरी आणलं तेव्हा थंडी सरली होती. बोलणं संथ झालं होतं. एखादा शब्द यायला वेळ लागायचा, पण यायचा. घरात येताना उंबऱ्याशी चपला काढल्या, आणि तिसऱ्या दिवशी बाहेर निघताना त्या जोडीकडे बघून म्हणाले, “सुमन, यातली एक जरा चौथ्या मितीतून फिरवून आणतेस का?” मी हसले. मग आत जाऊन तोंड धुतलं.

शेडमध्ये सहाशी तशीच टांगलेली होती. त्यांनी तिच्याकडे बोट केलं. “एक कडं मी काढणार.”

मला ते नको होतं. सैल सांध्यांची सातशेवीस काड्यांची आकृती. एक भलती काडी ओढली की एक बाजू खचणार, आणि त्यांच्या हातून खचलेली त्यांना बघावी लागणार. मी म्हटलं, मी काढते, तुम्ही सांगा.

“सांगायला शब्द कुठायत?” ते म्हणाले. “हात हायेत.”

शकुबाईंनी खालून दोन्ही तळहातांनी आधार दिला. “काढा दादा. मी धरलंय. पडलं तर माझ्या डोस्क्यावर पडंल, तुमच्या न्हाई.”

मी माझ्या जागेवर बसले, ते समोर. लाल दोऱ्याचे सांधे त्यांचे. डावं-उजवं गेलं होतं, पण रंग कळत होता आणि बोटांना काडी कळत होती. त्यांनी पहिल्या काडीला हात घातला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काडी निघाली. दुसरीला पुन्हा बघितलं. पुन्हा मान. असं किती तरी झालं. मधेच ते थांबले. बरेच शब्द शोधले असावेत.

“आता बघितलं तर चालंल ना?”

“चालेल,” मी म्हटलं.

एका बैठकीत झालं नाही. थकायचे. बरेच दिवस दुपारचा थोडा थोडा वेळ लागला. प्रत्येक काडीला ते वर बघायचे. एकदा त्यांची बोटं लाल सांध्यावरून घसरून शेजारच्या काडीवर गेली. मी मान हलवली नाही. ते बोट तिथेच ठेवून थांबले, माझा चेहरा वाचला, आणि बोट परत आणलं. शेवटचा लाल मणी तळहातावर घेऊन त्यांनी तो शकुबाईंना दिला. आकृती खचली नव्हती.

पांढरं कडं माझं होतं. “तुझं राहू दे,” ते म्हणाले. “सावकाश.” पुढच्या आठवड्यात ते अंथरुणाला लागले. पावसाळा संपता संपता गेले.

नंतर शेडमध्ये जाणं मला जमत नव्हतं. विद्यापीठातून विचारणा यायची, फार अदबीने. मी अजून थोडे दिवस मागायची. शकुबाई रोज येऊन शाळांचे घन करत राहिल्या आणि सहाशीच्या दोऱ्या सैल झाल्या की ओढून बांधत राहिल्या. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, “बाई, ते तसं टांगलेलं बघवंना. एक तर परत भरा, न्हाई तर काढा.”

मी जाऊन बघितलं. त्या सांगत होत्या ते गणितानेही खरं होतं. एकच कडं काढलं की शंभरांतले पन्नास सांधे दहा काड्यांचे होतात, आणि बाकीच्या पन्नासांच्या बाराच्या बारा शाबूत राहतात. मुंगी या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर गेली तर तिला लगेच कळेल. ती आता सहाशी नव्हती आणि शंभरीही नव्हती. एकीकडच्यांचं गेलं होतं आणि दुसरीकडच्यांना त्याचा पत्ताच नव्हता. लोक भेटायला येत, बोलत, घरी जाऊन जेवत, तेव्हा मला तसंच वाटायचं.

परत भरायचं म्हटलं असतं तर भरता आलं असतं. लाल मणी शकुबाईंनी डब्यात जपून ठेवले होते. मी पांढरं कडं काढायला बसले.

माझ्या जागेवरून सगळे पांढरे सांधे हाताला येत नव्हते. पलीकडचे काढायला समोर, त्यांच्या स्टुलावर जाऊन बसावं लागलं. तिथून माझं रिकामं स्टूल दिसत होतं. काडीला हात घातला आणि मीही वर बघितलं. ती सवय माझी नव्हती, त्यांचीच मला लागली होती. शकुबाई खालून आधार धरून होत्या. त्या म्हणाल्या, “काढा. मी बघतीय.”

पाचशे काड्या उरल्या. मी प्रत्येक सांधा मोजला, एकदा नाही, दोनदा. सगळीकडे दहा. मग गोंद लावला.

शंभरी न्यायला विद्यापीठातून एक तरुण प्राध्यापिका आल्या. शकुबाईंनी आदल्या दिवशीच सुतळीने दार मोजून ठेवलं होतं आणि मला दोनदा ऐकवलंही होतं. आकृती दारातून अलगद बाहेर गेली. टेम्पोत ती बांधून होईपर्यंत त्या शेडमध्ये फिरून बघत होत्या. फळीवर तो पीळघन आहे, त्या दुपारचा. आम्ही उपसलेल्या काड्या मी नंतर तशाच परत बसवल्या, माझ्याकडच्या उजव्या, त्यांच्याकडच्या डाव्या, जशा पहिल्यांदा लागल्या होत्या तशा. मधल्या पट्ट्यावर काड्या पोचत नाहीत. तिथे फट आहे.

प्राध्यापिकांनी तो हातात घेऊन फिरवला. गणिताच्या होत्या, चटकन लक्षात आलं. “मॅडम, हा अर्धा उजवा, अर्धा डावा झालाय. हा कधीच मिटणार नाही.”

“हो,” मी म्हटलं.

“मग दुरुस्त नाही केला?”

शकुबाई दारातून म्हणाल्या, “त्यात दुरुस्त करायसारखं काय न्हाई, ताई. दादांनी बाईंकडं बघून केलाय त्यो.”

प्राध्यापिकांना ते कितपत कळलं कुणास ठाऊक. त्यांनी पीळघन जपून फळीवर ठेवला, पण फट भिंतीकडे करून, वाईट दिसू नये म्हणून असावं. टेम्पो गेल्यावर मी तो फिरवून पुन्हा सरळ ठेवला. फट माझ्या स्टुलाच्या समोर येते.